एका जुन्या सायकलीची वंशावळ

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या वर्गातल्या चौघांचे मला जवळजवळ एकाच मजकुराचे फोन आले. आई-वडिलांचे घर रिकामे करायचे आहे, वाडा बिल्डरकडे गेला आहे, जिन्याखाली बाबांची सायकल पडून आहे आणि भंगारवाला दारात उभा आहे. तू सायकलींचा नाद करतोस म्हणून विचारतो, ठेवण्यासारखी आहे का ती? चौघांपैकी दोघांचा फोन आला तोपर्यंत सायकल गेलेलीही होती. अशी सायकल साधारण वीस किलोची असते. भंगारात वीस किलो लोखंडाचे जे येतात तेवढेच तिचे येतात.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला तेव्हा ठरवले, की या चौघांना फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगितले ते एकदा नीट लिहून काढावे. आपण सगळे आता त्याच वयात आहोत. पुढच्या पाच-दहा वर्षांत आपल्या आधीच्या पिढीची उरलीसुरली घरे आपल्याच हातून रिकामी होणार आहेत. त्या घरांतल्या कागदपत्रांचे, फोटोंचे, पुस्तकांचे काय करायचे हे आपल्याला थोडेफार कळते. सायकलही एक कागदपत्रच आहे, फक्त ते लोखंडात लिहिलेले आहे. ते वाचायचे कसे, हे इथे एका सायकलीच्या आधाराने सांगतो.

खरेदी

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे पंखे आणि शिलाई मशीनच्या मध्ये एक हिरवी सायकल आडवी टाकलेली होती. टायर नव्हते, सीटचे कातडे फाटलेले, हँडल फिरत नव्हते. रंग घरच्या दारे-खिडक्यांना लावतात तसला, ब्रशने फासलेला. पण पुढच्या दात्याकडे नजर गेली आणि पाय थांबले. दात्याच्या पोकळीत तीन पक्ष्यांची डोकी कोरलेली होती. लांब चोचीचे ते बगळे म्हणजे इंग्लंडच्या रॅले कंपनीची खूण.

जुनी सायकल घेताना नाव वाचायचे ते दात्यावर. समोरचा बिल्ला उपटून दुसरा लावता येतो, रंग तर कुणीही देतो, पण दाता सहसा मूळचाच असतो. बीएसएच्या वस्तूंवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात, कारण बर्मिंगहॅमची ही कंपनी १८६१ साली बंदुका बनवण्यासाठीच निघाली होती. हंबरच्या दात्यात धावणारी माणसे दिसतात. एवढी ओळख असली तर रंगाखालची सायकलही ओळखता येते.

दुसरी पाहणी फ्रेमची. रंग, गंज, फाटकी सीट यांना घाबरायचे कारण नाही. वाकलेल्या फ्रेमला मात्र घाबरावे. एक दोरा घ्यावा, मागच्या चाकाच्या खाचेपासून पुढे हँडलच्या नळीभोवती वळवून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे. ते सारखे भरले तर फ्रेम सरळ. मग हँडलच्या नळीखाली बोट फिरवावे. तिथे लोखंडाला सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे असे समजावे. या सायकलीला सुरकुती नव्हती. दोऱ्याचे माप घेताना विक्रेता हसत होता. भाव मात्र त्याने कमी केला नाही.

हबवर लिहिलेले साल

घरी आणून मागचे चाक रॉकेलने धुतले तेव्हा हबवर अक्षरे उमटली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि त्याखाली ५१. म्हणजे हे तीन गिअरचे हब १९५१ साली तयार झाले. स्टर्मी-आर्चरने आपल्या हबवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकायची पद्धत अनेक वर्षे पाळली. जुन्या सायकलीचे वय सांगणारी एवढी सोपी खूण दुसरी नाही.

पण आपल्या इतिहासाच्या सरांनी शिकवलेले इथे लक्षात ठेवायला हवे. साधन एका गोष्टीची साक्ष देते, सगळ्याची नाही. हब १९५१ चे म्हणजे सायकल १९५१ ची, असे लगेच म्हणता येत नाही. चाक बदललेले असू शकते. म्हणून फ्रेमवरचा नंबर, ब्रेकची जात, रिमचे माप, सीटखालचा खांब, सगळे एकमेकांशी जुळते का ते पाहायचे. या सायकलीला तारेचे ब्रेक होते, दांड्याचे नव्हते, आणि रिम २६ बाय १⅜ च्या मापाची होती. आपल्या वडिलांच्या बहुतेक सायकली २८ बाय १½ च्या, दांड्याच्या ब्रेकच्या, सरळ पाठीने बसायच्या. ही होती रॅलेची ‘स्पोर्ट्स’, रस्त्यावर जरा वेगाने जायची. तीन गिअरचे हब तिला शोभणारेच. सगळे जुळत होते.

त्या हबची कथाही सांगण्यासारखी आहे. १९०२-०३ च्या सुमारास हे तीन गिअरचे हब बाजारात आले. त्यावर हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची नावे लागली. पण मूळ कल्पना विल्यम रायली या तंत्रज्ञाची होती असे आता अभ्यासक मानतात. आधीच्या एका कराराने त्याचे हात बांधलेले असल्याने पेटंट आर्चरच्या नावावर गेले. पुढे १९३६ साली एडब्ल्यू हे मॉडेल आले आणि त्याची रचना इतकी पक्की होती, की ती अनेक दशके जवळजवळ तशीच राहिली. आत मधोमध एक स्थिर दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि बाहेर दातेरी कडे. मधला गिअर सरळ. खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे चढाला हलका. वरचा त्याच्या एक-तृतीयांशाने जास्त, म्हणजे सपाटीला. सत्तर वर्षांपूर्वीचे ते हब मी उघडले तेव्हा आत घट्ट झालेले काळे तेल सोडले तर काहीही बिघडलेले नव्हते.

नॉटिंगहॅम, बेळगाव, असनसोल

रॅले हे माणसाचे नव्हे, गल्लीचे नाव. नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर एक लहानसा कारखाना होता. प्रकृती सुधारावी म्हणून सायकल चालवू लागलेल्या फ्रँक बॉडेन या धनिकाने तो विकत घेतला आणि १८८८ च्या डिसेंबरात कंपनी उभी केली. ते वर्षच सायकलीसाठी भाग्याचे. तीनच वर्षे आधी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ आणली होती. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन हा सायकलीचा आजचा आकार तिथून रुळला. आणि १८८८ मध्येच जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टला हवेच्या टायरचे पेटंट घेतले.

त्याच १८८८ साली बेळगावला किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते. ते मुंबईहून सायकली पाठवत, बेळगावला रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. नोकरीत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव बेळगावला आले आणि त्या दुकानातून पुढे कडबा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर असा प्रवास होत १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अमेरिकेत विमान उडवणारे राइट बंधूही डेटन गावी सायकलीच दुरुस्त करत होते, हे आपल्याला विज्ञानाच्या पुस्तकात होते. बेळगावचे दुकान मात्र पुस्तकात नव्हते. सायकल ही त्या काळात सामान्य माणसाला हात लावून उघडता येईल अशी पहिली यंत्रे होती त्यांपैकी एक. बेअरिंग, आटा, गिअर, चेन हे सगळे एकाच ठिकाणी शिकायला मिळे.

स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडची चांगली सायकल म्हणजे विलायती सायकल. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर कर आणि परवान्यांची बंधने आली आणि चित्र पालटले. विलायती कंपन्यांनी इथल्या उद्योजकांशी भागीदारी केली. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराण्याबरोबर टीआय सायकल्स उभी राहिली आणि तिथे हर्क्युलिस बनू लागली. पुढे फिलिप्स आणि बीएसएही. बंगालमध्ये असनसोलला सुधीरकुमार सेन यांनी सेन-रॅलेचा कारखाना काढला. सोनीपतला जानकीदास कपूर यांची अॅटलस १९५१ मध्ये सुरू झाली. पश्चिम पंजाबातून आलेल्या मुंजाल बंधूंनी आधी सुट्या भागांचा धंदा केला आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो सायकल बनवायला घेतली. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, हीरोचे नाव जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेले.

म्हणजे माझ्या हबवरचे ५१ हे साल बरोबर सांध्यावरचे आहे. नॉटिंगहॅमहून आलेली रॅले आणि असनसोलहून आलेली रॅले या दोघी आपल्या रस्त्यांवर त्यानंतर बरीच वर्षे शेजारी-शेजारी धावल्या. गंमत अशी, की तिकडे इंग्लंडमध्ये या सगळ्या हाडवैरी कंपन्या एकाच घरात नांदायला गेल्या. बीएसएने आपला सायकलचा धंदा १९५७ मध्ये रॅलेला विकला, आणि १९६० मध्ये रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स सगळ्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या छत्राखाली एक झाल्या. इथे मात्र हर्क्युलिसवाले आणि रॅलेवाले एकमेकांच्या सायकलीला नावे ठेवत राहिले. आपल्या वर्गातही असे दोन पक्ष होते, आठवत असेल.

शेवटही दोन्हीकडे सारखाच झाला. सेन-रॅले आजारी पडली, सरकारने ताब्यात घेतली आणि १९८० मध्ये तिची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाली. पुढे तीही बंद पडली. नॉटिंगहॅमला त्याच १९८० मध्ये रॅलेच्या संघातल्या योप झूटमेल्कने तूर द फ्रान्स जिंकली होती. पण तिथला कारखानाही पुढे आक्रसत गेला. १९९९ मध्ये त्याच्या जागेवर नॉटिंगहॅम विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस उघडला आणि थोड्याच वर्षांत उरलेला कारखानाही बंद झाला.

दुरुस्ती: काय बदलायचे, काय ठेवायचे

आता कामाचे. आपल्या लहानपणी दुकानांच्या पाट्यांवर ‘ओव्हरऑयलिंग करून मिळेल’ असे लिहिलेले असे. शब्द ओव्हरहॉलिंग, पण पाटीवरचा शब्दही चुकीचा म्हणवत नाही, कारण निम्मे काम तेलाचेच असते. सगळे सुटे करायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचे, पुन्हा जोडायचे.

मला हे काम करून द्यायला एक मिस्त्री भेटले. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत, दुकान मुलाने मोबाइलचे केले आहे, ते मागच्या बाजूला बसतात. त्यांच्याकडून आणि थोडे वाचून शिकलेल्या चार गोष्टी इथे देतो.

पायडलचा दांडा मधल्या अॅक्सलला कॉटरने, म्हणजे तिरक्या खिळीने, बसवलेला असतो. ती काढताना नुसता हातोडा मारला तर दांडा आणि बेअरिंग दोन्ही बिघडतात. खालून जड लोखंडाचा आधार द्यावा, आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे आणि मगच एक नेमका घाव घालावा. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे विसरून जोर लावला तर दांडा कायमचा जातो. मधल्या अॅक्सलला दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे बसतात. गंजलेला एक जरी दिसला तरी सगळे बदलावेत, ते फार स्वस्त असतात. आणि नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या मधल्या कपाला एका इंचात २६ आटे असतात. इतर कंपन्यांचा कप २४ आट्यांचा. बाजारातला नवा कप जबरदस्तीने फिरवला तर फ्रेमचे आटे कायमचे मरतात. म्हणून जुना कप गंजका दिसला तरी फेकायचा नाही. मिस्त्रींनी माझा जुना कपच घासून परत बसवला.

हबला ग्रीस नाही, पातळ तेल. त्याला तेल सोडायचे लहान तोंड असते, तिथून चमचाभर तेल सोडून चाक फिरवत राहायचे. माझ्या हबमधून आधी काळे, मग तपकिरी आणि तिसऱ्या दिवशी स्वच्छ तेल आले, आणि मग तिन्ही गिअर खटकन पडू लागले. हँडल आणि रिमच्या चकाकीवरचा गंज घालवायला अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासावा. गंज निघतो आणि खालची चकाकी ओरबाडली जात नाही. रिमचा आउट काढायला मिस्त्रींना वीस मिनिटे लागली. आजच्या बऱ्याच दुकानांत हे काम येणारा माणूस मिळत नाही, सरळ नवी रिम घाला म्हणतात.

खरा प्रश्न रंगाचा होता. फ्रेम रंगाऱ्याकडे देऊन सगळा जुना रंग उडवायचा आणि चकचकीत काळा रंग मारायचा, असे जवळजवळ ठरले होते. त्याआधी चेनकव्हरवरचा हिरवा रंग मिस्त्रींनी ब्लेडच्या टोकाने थोडा खरवडून पाहिला. खाली काळा रंग निघाला, आणि काळ्यावर पांढऱ्या रंगात पेंटरने काढलेली देवनागरी अक्षरे. नाव अर्धे पुसले गेले होते. शेवटचा शब्द स्पष्ट होता: मास्तर.

त्या काळी चेनकव्हरवर नाव घालून घेणे ही सर्रास पद्धत होती. सायकल ही घरातली मोठी वस्तू, चोरीला जाऊ नये म्हणूनही आणि थोडा अभिमान म्हणूनही. मागच्या मडगार्डजवळ नगरपालिकेच्या बिल्ल्याची पट्टीही अजून होती. सायकलवर कर असे, बिल्ला नसला तर पोलीस अडवत, दिवा नसला तर अडवत आणि डबलसीट दिसले तर हमखास अडवत, हे आपल्यातल्या अनेकांनी भोगलेले आहे. म्हणजे १९५१ च्या सुमारास कुणा शिक्षकाने, किंवा त्यानंतर वापरलेली घेऊन, ही तीन गिअरची रॅले घेतली. तेव्हाच्या शिक्षकाच्या पगारात तिची किंमत किती महिन्यांची असेल याचा हिशेब आपल्या गुरुजनांनीच करावा. ती त्यांनी रोज शाळेला नेली. नंतर ती कुणा दुसऱ्याकडे गेली, त्याने ती हिरवी केली. हे सगळे त्या चार इंच पत्र्यावर होते. रंगाऱ्याच्या मशीनखाली ते अर्ध्या मिनिटात गेले असते.

सायकल जुनी करून ठेवणाऱ्यांत यावर दोन मते आहेत. एक म्हणते, ती कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. दुसरे म्हणते, तिच्यावर जे-जे घडले ते राहू द्यावे, फक्त ती चालली पाहिजे. पहिल्या मतात चूक काही नाही. जिच्या अंगावर वाचण्यासारखे काहीच उरलेले नाही, तिला नवा रंग देणे हेच बरे. पण कारखान्याने हजारो सायकली अगदी सारख्याच बनवल्या होत्या. त्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्या वापराने. चकचकीत काळी रॅले मला आणखी कुठेही पाहायला मिळेल. मास्तरांची ही एकच. म्हणून आम्ही असा मार्ग काढला: जिथे गंज फ्रेमला खात होता तेवढेच घासून रंगवले, बाकीचा हिरवा रंग धुऊन ठेवला, आणि चेनकव्हरवरची ती अक्षरे उघडी करून त्यावर पातळ वॉर्निश दिले. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, तारा, छर्रे नवे घातले. या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या मास्तरांनीही बदलल्याच असतील.

ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांच्यासाठी

पुण्यात कर्वे रस्त्याच्या परिसरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली घडीची सायकलही तिथे पाहायला मिळते. ज्यांना शक्य आहे त्यांनी नातवंडांना घेऊन जावे. पण प्रत्येक सायकल संग्रहालयात जाणार नाही आणि जायची गरजही नाही.

तुमच्या जिन्याखाली जी आहे तिच्यासाठी एवढेच करा. तिला बाहेर काढून उजेडात चार बाजूंनी फोटो घ्या. दात्यावरची खूण, फ्रेमचा नंबर, हबवरचे आकडे लिहून ठेवा. चेनकव्हर आणि मडगार्ड ओल्या फडक्याने पुसून त्यावर काही लिहिले आहे का पाहा. घरातले सर्वांत वडीलधारे जे कोणी आज आहेत, त्यांना विचारा: ती कधी घेतली, कुठून घेतली, पैसे कसे उभे केले, तिच्यावर कोण-कोण बसले. आत्या-काकांना विचारा, शेजारच्यांना विचारा. ही उत्तरे कुठल्याही हबवर ठोकलेली नसतात, आणि उत्तरे देणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. हे सगळे झाल्यावरही सायकल द्यावीशी वाटली तर खुशाल द्या. निदान काय दिले ते तुम्हाला ठाऊक असेल.

आणि ठेवलीत तर चालवा. भिंतीला टांगलेल्या सायकलीच्या टायरला भेगा पडतात, हबमधले तेल घट्ट होते, ब्रेकच्या तारा आत अडकतात. आठवड्यातून एकदा भाजी आणायला नेलीत तरी पुरे. माझी रॅले आता रोज सकाळी सहा किलोमीटर जाते. चढावर मी पहिला गिअर टाकतो, आणि बाजूने जाणारी मुले चेनकव्हरकडे पाहून विचारतात, “काका, तुम्ही मास्तर का?”

“नाही रे,” मी सांगतो, “सायकल मास्तरांची आहे.”